दोन पायांचे दोन जोडे

प्रिय आर्डिसताईस,

धाकट्या वेंडेलचा साष्टांग नमस्कार. (पत्रातून घालतोय म्हणून जमतोय. समोर असतीस तर उठवायला दोन माणसं लागली असती.) तुझा गुडघा कसा आहे? क्लेटन भावोजींची खोड्या काढायची सवय गेली की आहे? ईस्टरच्या जेवणानंतर तू जी दार आपटून गेलीस ती गेलीसच. फोन नाही, काही नाही. मला वाईट वाटतं, ताई. आता भांडण कशावरून, तर पियानोवरच्या त्या बाळजोड्यांवरून! आई नव्या खोलीत राहायला जाणार, तिथे पियानोच मावत नाही. ती सहज म्हणाली, "ज्याचे असतील त्याने न्यावेत," आणि साठी उलटलेली आपण दोघं 'माझे, माझे' करत उभी राहिलो.

घर आवरताना आईने ते माझ्याकडे ठेवायला दिले. मला आपल्या चौकशा फार, तुला माहीत आहे. रोज चष्मा लावून बघत बसायचो. काय एकेक जोडे असायचे तेव्हा! पोराचा पाय वाकडा होऊ नये म्हणून घोट्यापर्यंत नाड्या, तळ लाकडासारखा कडक, आणि शनिवारी रात्री आई त्यांना पांढरं पॉलिश लावून खिडकीत वाळत ठेवायची. (ते मी एकदा चाटलं होतं. चव अजून आठवते.) एवढ्या नाड्या आवळूनही पोरं पाय झाडून अख्खा जोडा उडवायचीच. आता आठवण म्हणून ब्राँझचा मुलामा चढवून लाकडी फळीवर बसवलेत, पण मुलाम्याखालची सुरकुतीन् सुरकुती दिसते. तर बघता बघता माझ्या लक्षात आलं की उजव्याचं टोक पार घासलंय आणि डावा कोराच्या कोरा. उजवा पाय ओढत चालणारा आपल्या घरात मी एकटाच. म्हटलं, झालं, जिंकलो! पण मग डावा कोरा कसा? मी काय लंगडी घालत चालायला शिकलो? मोजून पाहिलं, तर डावा चांगला बोटभर मोठा.

तसाच उठून आईकडे गेलो. ती वाटाणे सोलत होती. हसून हसून वाटाणे सांडले तिचे. म्हणाली, "अरे वेड्या, डावा ताईचा, उजवा तुझा! तिचा उजवा जत्रेत डुकरांच्या कोंडवाड्यात गेला. तुझा डावा तू पुलावरून नदीत टाकलास आणि वर टाळ्या वाजवल्यास. उरले ते दोन दिले मुलाम्याला. दुकानदार म्हणाला, 'बाई, ही जोडी वाटत नाही हो.' म्हटलं, मुलंही तशीच आहेत."

तेव्हा ताई, माझा हट्ट संपला. दोन्ही तूच ने. मोठ्या मनाने सांगतोय.

तुझा,
वेंडेल

ता. क. मोजायचं म्हणून मी ते खालच्या फळीवरून काढायला गेलो. (माझा तेवढा गुपचूप काढून घ्यावा असं मनात नव्हतं. फारसं नव्हतं.) नुसता हात लावला आणि फळीचे दोन तुकडे! डिंक वाळेपर्यंत फळी आवळून धरायला भावोजींचा शिकंजा घेऊन रविवारच्या आत ये. रविवारी आई जेवायला येतेय. भावोजींना आणू नकोस, ते सूचना देतात.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच आई दारात हजर, केकचं भांडं न्यायला. तिने फळी पाहिली. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाली, "ती मीच मोडलीये. ईस्टरला तुम्ही भांडून गेलात ना, त्या संध्याकाळी. म्हटलं, फळी मधोमध तोडून एकेकाला एकेक देऊन टाकावा. पण एकटा ठेवला की तुझा डुगडुगतो, तिचा लवंडतो. मग बसले आपली डिंक लावत." आता ती इथेच बसलीये, पत्र पुरं व्हायची वाट बघत. म्हणते, शिकंजा नसला तरी चालेल, पण तिला ये म्हणून लिही.