खिडकीपाशी बसलेले

१२ मार्च, दुपार

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे सोडून. सूनबाईंचा खोकला थांबला का? फोनच केला असता, पण तुझा फोन सगळ्या घराला ऐकू जातो, आणि मला सांगायचंय ते फक्त तुला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, मुंग्या चालल्यासारखं. सावकाश वाच.

आधी तुझ्या लेकीचं कौतुक. मी खोली सोडून तुमच्याकडे यायला तयार नाही, म्हणून चिमणीने इथे येऊन युक्ती काढली: आख्ख्या खोलीचा एक लांबलचक फोटो, तुमच्याकडे माझ्या पलंगासमोर लावायला. खोलीच्या मधोमध तीन पायांचा स्टँड, वर कॅमेरा. मला पलंगावर बसवून म्हणाली, मी सांगेपर्यंत हलायचं नाही. श्वास घेतलेला चालेल का, मी विचारलं.

कॅमेरा थोडा थोडा वळवत एकेका बाजूचे तीन फोटो काढले. एक काळोखा, एक बेताचा, एक पांढराफटक. खिडकीतलं ऊन आणि कपाटाखालचा अंधार कॅमेऱ्याला एकाच वेळी दिसत नाही म्हणे. काळोख्यात बाहेरचा रस्ता नीट आला, पांढऱ्यात कपाटाखालची माझी हरवलेली चप्पल. मग कॉम्प्युटरवर तिन्हींतलं चांगलं तेवढं घेऊन एक करायचं आणि बाजूला बाजू जोडायची. एकाचा काठ दुसऱ्यावर चढवतात, कापड शिवताना आपण माया सोडतो तसा. जन्मभर ब्लाउज शिवले मी, तरी मला जोड सापडला नाही.

काल तो फोटो आला. टेबलावर पसरला तर दोन्हीकडून खाली लोंबला. पलंगावर मी, अगदी ठसठशीत. आणि खिडकीपाशी, ह्यांच्या खुर्चीत, कुणीतरी बसलंय. विरलेलं. आरपार वेताची जाळी दिसते.

संध्याकाळी चिमणीचा फोन. "आजी, तू मध्येच उठून खुर्चीत बसलीस ना?" माणूस तीनपैकी एकाच फोटोत असलं की एकत्र करताना असं धूसर येतं, म्हणाली. ते फक्त पांढऱ्यात आहे, बाकी दोन्हींत खुर्ची रिकामी. मी म्हटलं, बसले असेन गं. पोर घाबरट, तिला कशाला.

पण बाळा, माझे गुडघे तुला माहीत आहेत. उठायला भिंत लागते, चालायला काठी. आणि ते तीन फोटो कॅमेरा एका दमात काढतो, टक टक टक. मी उठलेच नाही.

शिवाय खुर्चीत बसलेल्याचा डावा खांदा उतरलेला आहे. ह्यांची लिफ्ट दुरुस्तीची ती पिशवी जन्मभर त्याच खांद्यावर असायची. लहानपणी तू उचलायला जायचास आणि पिशवीसकट आडवा व्हायचास.

मागे आपलं भांडण झालं तेव्हा तू म्हणालास, आईला जागेचा मोह सुटत नाही. मोह कसला, नळाला धड पाणी नाही. हे गेल्यापासून संध्याकाळी, मी दिवे लावायच्या आधी, ती खुर्ची करकरायची. रोज. कामावरून आल्यावर बसायचे तश्शी. बसताना एकदा, पाय लांब केल्यावर एकदा. मी वळून बघायचे नाही, अवघडतील म्हणून. मी गेले तर ते येऊन कुणाला शोधतील, एवढंच होतं रे माझं.

फोटो काढल्यापासून खुर्ची वाजली नाही. पहिल्या संध्याकाळी वाट पाहिली, दुसऱ्या संध्याकाळी रडले. काल कागद उलगडला आणि कळलं, कुठे जाऊन बसलेत ते. हसूच आवरेना मला. लग्नाच्या फोटोतसुद्धा हा माणूस भलतीकडे बघतोय. ह्या फोटोत बघ, थेट पलंगाकडे तोंड.

तर मी येते. टेम्पो सांग. खुर्ची तुमच्याकडे मावणार नाही म्हणालास, राहू दे, आता तिचं काम नाही.

फक्त एक कर. रविवारी ते धूसर पुसून चांगला फोटो देते म्हणते चिमणी, एका बटणाचं काम आहे म्हणे. तिला पुसू देऊ नकोस. आजीला असाच आवडलाय म्हण, जास्त काही सांगू नकोस. माझ्याकडचा कागद आहेच, पण तिकडे पुसल्यावर ह्यातही राहतील की नाही, कोण जाणे. ती परीक्षा मला नको.

आणि भिंतीवर खिळा मारशील तो पलंगाच्या बरोबर समोर मार. त्यांना मान वळवावी लागू नये.

तुला आम्हा दोघांचे आशीर्वाद,
आई