सूर्याआधीचे तीन दिवस

मी, वामन गिरधर महाजन, वय वर्षे एकसष्ट, धंदा मास्तरकी (निवृत्त), राहणार सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. ती नसल्याचे मिशनच्या शाळेत अनेकदा बोलले गेले, पण ते मी देव मानत नाही म्हणून. डॉ. चुडामण बोरोले यांनी छाती तपासून "मास्तर, कागदपत्रं उरकून घ्या" असे सांगितले, एवढाच काय तो माझ्यावर दाब. जन्मलो तेव्हा हे गाव एका प्रांतात होते, या महिन्यापासून ते वेगळ्याच राज्यात आहे आणि नागपूरची राजधानी भोपाळला गेली आहे. मी मात्र जागचा हललेलो नाही.

१. सिंधीपुऱ्यातील राहते घर स्वकष्टार्जित असून ते माझ्या पश्चात पत्नी कोकिळा हिचे. देवघरातील देव पहिल्यापासून तिचेच आहेत, त्यांच्यावर मी कधी हक्क सांगितलेला नाही.

२. बहादरपूरच्या केळीच्या मळ्यातील माझा हिस्सा थोरले बंधू कडूभाऊ यांना न देता त्यांची मुलगी विमल हिला द्यावा. ती इंटर सायन्सला आहे. कारण नमूद करतो. मी पाद्रीबाबांच्या घरी चहा घेतो म्हणून "वामन बाटला" असे कडूभाऊंनी सगळ्या बहादरपुरात सांगितले. त्यामुळे मिशनमध्ये मी नास्तिक आणि गावात ख्रिस्ती असा दोन्हीकडून हाकललेला राहिलो.

३. पितळी सूक्ष्मदर्शक यंत्र रेव्हरंड याकोब सीताराम साळवे, मुक्काम देडतलाई, यांना हयातीपर्यंत वापरण्यास द्यावे, नंतर ते विमलचे. हेच ते पाद्रीबाबा. आमच्या शाळेत पहिला तास त्यांचा बायबलचा आणि दुसरा माझा विज्ञानाचा. देवाने सहा दिवसांत बांधलेले जग मी पाऊण तासात मोडत असे. एकदा तापीच्या पाण्याचा थेंब यंत्राखाली ठेवून त्यांना दाखवला. ते बराच वेळ उठेनात. मग म्हणाले, "एवढी बारीक कारागिरी, मास्तर, आणि करणारा कुणी नाही म्हणता?" मी म्हणालो, "पाहणारा मी आहे ना, तेवढं पुरे."

४. आता जे लिहितो ते मालमत्तेत येत नाही, तरी येथेच लिहिणे भाग आहे. सन १९३८ साली तपासणीस मिशनचे गोरे साहेब आले. बायबलच्या पेपरात प्रश्न होता, मनुष्य कसा उत्पन्न झाला. एका उत्तरात लिहिले होते, "देवाने मातीपासून केला, पण त्याला कोट्यवधी वर्षे लागली व मध्ये माकडासारखे प्राणी झाले."

साहेब मराठी बरे बोलत. सगळ्या शिक्षकांसमोर त्यांनी विचारले, "हे कोणी शिकवले?"

मी बुटाकडे पाहत बसलो. पाद्रीबाबा उठले. "मी."

"शास्त्रात सहा दिवस लिहिले आहेत."

"साहेब, त्याच शास्त्रात सूर्य चौथ्या दिवशी झाला. आधीचे तीन दिवस कोणत्या घड्याळानं मोजायचे?"

हा टोमणा माझा होता. त्यांना चिडवायला मी तो वर्षानुवर्षे वापरत होतो, आणि त्यांनी तो साहेबापुढे धर्मशास्त्र म्हणून मांडला. महिन्याभरात त्यांची देडतलाईला बदली झाली. ते शाळेचे मुख्य होणार होते, ते राहिले. माझी नोकरी शाबूत राहिली. मी निरोप द्यायलासुद्धा गेलो नाही.

५. वरील दोष माझा, असा कबुलीजबाब मी या मृत्युपत्राला जोडणार होतो. कोकिळेने तो वाचला. म्हणाली, "मेल्यावर काय सांगता? जिते आहात तोवर जा ना. देव नाही म्हणता, मग त्याच्या पाद्र्याला काय घाबरता?"

दसऱ्याआधी देडतलाईला गेलो. पाद्रीबाबा ओसरीवर ओल्या शेंगा सोलत होते. केस पांढरे झालेले. मी कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि हसू लागले.

"मी तुमच्यासाठी खोटं बोललो, असं वाटलं तुम्हाला?"

"मग?"

"मी खरंच शिकवलं होतं ते. मुलं तुमच्या तासाला ऐकायची अन् दुसऱ्या दिवशी मला विचारायची. काय सांगणार होतो? देवानं जग एका तऱ्हेनं केलं अन् आपल्याला फसवायला जमिनीत भलतीच हाडं पुरली, असं? एवढा लबाड देव मी मानत नाही, मास्तर."

अठरा वर्षे ज्या उपकाराखाली मी दबलो होतो, तो उपकारच नव्हता. मला राग आला. म्हणालो, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आलात कुठं?" त्यांनी शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. "बदलीचं मला काही वाटलं नाही. इथंही माणसं चांगली आहेत. पण मी काही बोललो की सगळे माना डोलावतात हो. भांडायला कुणी नाही."

मी टोपली जवळ ओढली. शेंगा सोलता सोलता मी विचारले, येशू पाण्यावर चालला हे कसे काय? पाण्यावर पळणाऱ्या किड्याचे उदाहरण देऊन वजनाचा आणि पृष्ठताणाचा हिशेब मांडला. ते म्हणाले, "किड्याला जमतं, तर प्रभूला का नाही?" परतीची मोटर येईपर्यंत आम्ही कडाकडा भांडलो. कबुलीजबाब मी तिथेच फाडला.

६. माझे दहन तापीकाठी करावे. पाद्रीबाबांना बोलवावे. त्यांनी प्रार्थना केली तरी अडवू नये. मला हरकत घेता येणार नाही, आणि आयुष्यात एकदा तरी शेवटचा शब्द त्यांचा होईल.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पत्नी कोकिळा हिने करावी. मात्र मी घरी सापडलो नाही म्हणून कोणी घाईने कामाला लागू नये. हल्ली मी एक शनिवार सोडून सकाळच्या मोटरने देडतलाईला जातो. आधी तिकडे चौकशी करावी.

(सही) वामन गिरधर महाजन

वामन मास्तरांनी ही सही आम्हा दोघांसमक्ष केली. त्या वेळी ते पूर्ण शुद्धीवर होते व आमच्याशी वाद घालत होते.

साक्षीदार: १. डॉ. चुडामण बोरोले. २. निंबा तुळशीराम वाणी, शेजारी.

बुऱ्हाणपूर, जिल्हा निमाड. रविवार, ता. १८ नोव्हेंबर १९५६.