वस्तीयानातील काकांचा खांब पुन्हा दाखविण्याबाबत

प्रति,
मा. प्रदर्शन अधिकारी,
बेट कला मंडळ, चित्रकक्ष,
आपिया.

विषय : ‘दूर जाणारे गाव’ या निवड झालेल्या संगणकीय चित्रात, यानाच्या सभागृहातील एक खांब पुन्हा दाखविण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे नकाराचे पत्र, व त्यानंतर फोनवर झालेले बोलणे (जे आपल्या बाजूने मध्येच बंद झाले).

महोदया,

१. मी लोसा सेमाऊ, राहणार फालेतोआ, बेट सावाई, संगणकावर चित्रे काढून पोट भरणारी, आपणांस सविनय कळविते की, मंडळाच्या ‘परग्रहावर वस्ती’ या स्पर्धेत माझ्या वस्तीयानाच्या चित्राची निवड झाली, त्याबद्दल मी मंडळाची आभारी आहे. आभार मनापासून आहेत. पुढचा मजकूर वाचताना ते विसरले जाऊ नयेत म्हणून आधीच मांडून ठेवले.

२. सदर यान म्हणजे एक लांबलचक नळकांडे असून ते स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आतल्या माणसांचे पाय जमिनीला टिकतात. आत नीरफणसाची झाडे, अळूचे वाफे आणि पोहण्याजोगे खारे तळे आहे. बाहेरच्या पत्र्याला गंज हवा होता, तो मी आमच्या पाण्याच्या टाकीचे फोटो काढून चढविला. पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करणारे यान कोरे करकरीत दिसले तर कोण विश्वास ठेवील? यानाच्या पोटात मधोमध सभागृह आहे. ते मात्र कल्पनेतले नाही. आमच्या गावचेच गोल, बिनभिंतीचे सभागृह जसेच्या तसे उचलले आहे. प्रत्येक खांबाचा वेगळा फोटो घेतला. सभेत गावाच्या वतीने बोलणारे वक्ते सेमिसी यांच्या खांबाला पिशवी अडकवायचा खिळा आहे, तो खिळासुद्धा यानात आहे. ‘भिंती नसल्याने हवा निसटेल’ असा शेरा आपल्या एका परीक्षकांनी मारला आहे. हवा अडवायला यानाला भिंती आहेत. बसण्याच्या जागेला त्या कशाला हव्यात, हे मला अजून समजलेले नाही.

३. आता घोळ कुठे झाला ते. संगणकावर चित्र थरांनी रचतात, एकावर एक काचा ठेवाव्यात तसे. प्रत्येक खांब वेगळ्या थरावर होता. सगळे झाल्यावर मागे नवा ग्रह चढविला, निळसर, कडेला उजेड फुटलेला, आणि बघते तर एक खांब नेमका त्याच्या तोंडावर. थरापुढे डोळ्याची एक खूण असते, ती बंद केली की थर दिसेनासा होतो. मी ती बंद केली. खांब गेला, ग्रह उघडा पडला आणि चित्र असे काही खुलले की मी उठून स्वतःसाठी कोको करून घेतला. परीक्षकांनी ‘खांबांमधून अचानक सामोरा येणारा ग्रह’ म्हणून जिचे कौतुक केले आहे, ती जागा हीच.

आपले बालपण ऑकलंडला गेले असे समजते, म्हणून दोन ओळी जास्त लिहिते, राग नसावा. आमच्याकडे सभागृहातले खांब नुसते छप्पर धरत नाहीत. एकेक खांब एकेका घराण्याचा असतो. घराण्याचा मताई, म्हणजे कर्ता, घराण्याच्याच नावाने ओळखला जातो आणि त्याच खांबाला पाठ टेकून बसतो. त्याच्या आधीचे तिथेच बसले आणि त्याच्या मागून येणारेही तिथेच बसणार. मी जो खांब घालविला तो नेमका तोलेआफी या आमच्याच घराण्याचा होता. तिथे माझे थोरले काका बसतात, ज्यांनी मला लहानाची मोठी केली आणि ज्यांच्या घरात बसून मी हे चित्र काढले.

४. मंडळाने छापलेले भित्तिपत्रक गावातल्या पावाच्या दुकानात लागले. रविवारी प्रार्थना आटोपून सगळे मताई पांढऱ्या कपड्यांत तिथे जमले. लग्नाच्या फोटोत माणूस आधी स्वतःला शोधतो, तसा प्रत्येकाने आपापला खांब शोधला. सेमिसींना खिळा दिसला, ते भलतेच खूश झाले. मग चित्रावर बोट ठेवून एकेका घराण्याचे नाव घेत ते पुढे निघाले, आणि त्यांच्या शेजारच्या जागेवर बोट आले तेव्हा तिथे ग्रह होता. सेमिसीच म्हणाले, “तोलेआफी, तुझी बोट चुकली वाटतं.” सगळे हसले. काकाही हसले. मग हातातली छत्री न उघडता भर उन्हातून घरी आले.

५. तेव्हापासून काका माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी समोर असले तरी लागी काकूला मध्ये घालतात, “तिला सांग, कोको गार होतोय.” काकू म्हणते, “मी काय टपालखातं आहे? पुतणी तुमची, पुढ्यात बसलीय, तुम्हीच सांगा.” मी समजवायला गेले, “काका, खांब आहे हो तिथेच, फक्त दिसत नाही.” तेव्हा मात्र काकूला बाजूला सारून म्हणाले, “मेलेली माणसंही असतात, फक्त दिसत नाहीत. म्हणून सभेत त्यांचं मत घेतात का?”

एवढ्यावर भागले असते तर घरातले भांडण म्हणून मी मंडळाचा वेळ घेतला नसता. परंतु काकांनी गावच्या खऱ्या सभेला जाणेही सोडले आहे. “घरच्याच पोरीनं चारचौघांत उठवलंय, आता कुठल्या तोंडानं बसू,” म्हणतात. त्यांचा खरा खांब मोकळा पडला आहे. गेल्या सभेत सेमिसींनी खिळ्यावरची पिशवी काढून त्या खांबाशी टेकवून ठेवली, असे काकू दुकानातून ऐकून आली. आज पिशवी आहे, उद्या सेमिसींचा जावई बसेल. हे मला सहन होण्यासारखे नाही.

६. म्हणून मी खांब दाखवून चित्र पुन्हा पाठविण्याची परवानगी मागितली. ‘निवड ज्या चित्राची, प्रदर्शन त्याच चित्राचे’ असे उत्तर आले. फोनवर आपल्या कार्यालयातील बाईंनी सुचविले की, खांब थोडा डावीकडे सरकवा, म्हणजे ग्रहही दिसेल आणि काकाही. मी भोळेपणाने हे गावात बोलून बसले. बाईसाहेब, डावीकडे सेमिसी आहेत. “मांडीवर घेऊ का त्याला?” असे त्यांनी मला भर रस्त्यात विचारले. उजवीकडचे घराणे तर त्यांच्याहून मानी, तिकडे विचारायची माझी छाती झाली नाही. मग खांब काचेचा करून पाहिला. काकूने चित्र पाहिले आणि म्हणाली, “काचेला टेकलेला आमचा माणूस मागून कसा दिसतो, ते परग्रहवाल्यांना नको गं दाखवूस.” काचेचा खांब रद्द करण्यात आला.

७. दरम्यान, आपण सगळे या यानातून जाणार आहोत अशी गावाची खात्री पटत चालली आहे. पाद्रीबुवांनी विचारले आहे की, तिथे सूर्य मावळत नाही तर संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख फुंकायचा कधी. बायकांच्या क्रिकेट संघाची कप्तान फामेले हिची तक्रार आहे की, मैदान नळकांड्याला आडवे असल्याने जोरात टोलवलेला चेंडू फिरून तिच्याच डोक्यात येईल. या सर्व मागण्या मी ठामपणे फेटाळल्या आहेत. मैदान तेवढे उभे केले, पण ते झाडांमागे आहे, कुणाला दिसत नाही.

८. परवा मी काकांना म्हटले की, मंडळ ऐकत नसेल तर मी चित्रच मागे घेते. त्यावर काका बऱ्याच दिवसांनी नीट माझ्याकडे बघून बोलले. “मागे कशाला घेतेस? चांगलं काढलंयस. मी थोडाच जाणार आहे त्यातून, मला इथल्या इथे आपियाच्या बोटीत उलट्या होतात. पण तूच म्हणालीस ना, पोचायला पिढ्या लागतील? तेव्हा मी नसेन, तूही नसशील. आपलं कोणीतरी पोर त्या घरात शिरेल आणि बघेल की सगळ्यांना टेकायला खांब आहे आणि आपल्याला नाही. ते कुणाला विचारायला जाईल, लोसा?” मला रडू आले. अर्जात असे लिहीत नाहीत हे मला माहीत आहे.

९. सबब विनंती की, सोबत जोडलेले नवे चित्र स्वीकारावे. डोळ्याची खूण पुन्हा चालू केली आहे, बाकी काही हलविलेले नाही. खांबाची जागा बरोबर असल्याचा दाखला सेमिसींनी सही करून दिला असून तोही जोडला आहे. सही करून झाल्यावर ते काकांना सोबत घेऊन सभेला गेले. नव्या चित्रात ग्रह जवळजवळ झाकला गेला आहे, खांबाच्या दोन्ही अंगांना उजेडाची कड तेवढी दिसते. परीक्षकांना हे चित्र डावे वाटल्यास निवड खुशाल रद्द करावी, माझी हरकत नाही. परंतु जुने चित्र भिंतीवर लावू नये. आणि ग्रह कुठे गेला असे कोणी विचारलेच, तर तो आहे, आम्ही तिकडेच निघालो आहोत, असे सांगावे. पोचल्यावर बघू त्याला. तोवर आम्हाला बसायला जागा हवी.

तोलेआफी घराण्याची,
व आपल्या होकाराची वाट पाहणारी,

(सही)
लोसा सेमाऊ
फालेतोआ, सावाई
गुरुवार, ११ जुलै