अण्णा, तुझ्या डोळ्यांतला डाग

प्रिय अण्णा,

एका घोर अन्यायाची तक्रार तुझ्या कानावर घालायची आहे. मध्यभारतातल्या एका बऱ्यापैकी नावाजलेल्या विनोदी लेखकाला आज सकाळी पोह्यांवरची शेव दिसली नाही! डोळ्यांच्या डॉक्टरांनी काल थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि दोन दिवस वाचन-लेखन बंद, असा हुकूम सोडला. बायकोला म्हटलं, “शेवसुद्धा दिसेना गं!” ती म्हणाली, “दिसेल कुठून? घातलीच नाही. संपली.”

तरी लिहायला बसलोय. ओळी कुठे जाताहेत, देव जाणे. पण लिहिल्यावाचून राहवत नाही. डॉक्टरांनी दिवा रोखून डोळ्यात पाहिलं आणि म्हणाले, “परदा एकदम साफ है, भिया. सिर्फ चश्मा बदलो.” तीच अंधारी खोली, तेच स्टूल. गेल्या उन्हाळ्यात त्यावर तू बसला होतास. स्वतःचा पडदा साफ निघाला म्हणून कुणाला लाज वाटते का रे? मला वाटली.

अण्णा, डोळ्याचं तू पहिल्यांदा सांगितलंस ते दिवाळीच्या आधी. आपल्या मध्यभारत सरकारला दोन राजधान्या. उन्हाळा इंदूरला, हिवाळा ग्वाल्हेरला. कचेऱ्यांचे पेटारे बांधायची वेळ झाली की तुम्हा कारकुनांपैकी निम्म्यांना आजार होतात आणि डॉक्टरी सर्टिफिकिटांचं पीक येतं. नेमका त्याच आठवड्यात तू म्हणालास, “बाळ्या, उजव्या डोळ्यासमोर तांबूस डाग येतोय. अक्षराच्या मधोमध बसतो मेला.”

मी काय म्हणालो? “वा अण्णा! दरवर्षी लोकांची कंबर धरते, तू नवीन अवयव काढलास!”

एवढ्यावर थांबलो असतो तर भाऊच राहिलो असतो. पण मी लेखक ना! साप्ताहिकाच्या पुढच्या अंकात माझ्या लेखात एक कारकून आला. ग्वाल्हेरचं नाव काढलं की त्याची दृष्टी जायची आणि इंदूरच्या सराफ्यात जिलबीच्या कढईपाशी परत यायची. आपलं सगळं रामबाग, घर न् घर, हसलं. तू खिशातलं सर्टिफिकेट फाडलंस. “आता हे दिलं तर साहेब म्हणतील, भावानेच छापलंय.” आणि गेलास ग्वाल्हेरला. अडवायचं होतंस ना मला! एक थोबाडीत तरी द्यायचीस. थोरला होतास की नाही?

चैत्र सरता सरता परत आलास तो पांढराफटक. दात घासताना रक्त, हातांवर काळेनिळे डाग. मी तुला चष्म्यासाठी नेलं. चष्म्यासाठी! डॉक्टर बराच वेळ तुझ्या डोळ्यात पाहत राहिले. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, “कापाकापी न करता नसा उघड्या दिसतात, अशी शरीरात ही एकच जागा. यांच्या नसा फुगून वाकड्यातिकड्या झाल्यात. पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत, काहींच्या मधोमध पांढरे. बीमारी आँख की नहीं, खून की है. आजच रक्त तपासा.”

रक्ताचा कॅन्सर. तुझा डाग खरा होता, अण्णा. तुझं रक्तच तिथे सांडत होतं.

“दिवाळीत आणलं असतं तर?” मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “वाचले नसते. आज तरी यावर इलाज नाही.” लोक म्हणतात, यावर समाधान मान. कसं मानू? वाचला नसतास, पण तो हिवाळा घरी काढला असतास. वहिनीच्या हातचं खात, ऊन खात. तुझा शेवटचा हिवाळा मी ग्वाल्हेरच्या थंडीत धाडला, एका विनोदापायी.

परवा बाजारात, ग्वाल्हेरला तुझ्याबरोबर खोलीत राहणारे शर्माजी भेटले. तुला वाचता येईना तेव्हा आपलं मराठी साप्ताहिक तेच वाचून दाखवत. लिपी तीच, अर्थ निम्मा कळे, उच्चारांवर तू हसायचास. म्हणाले, “वो जलेबी वाला लेख भाईसाब ने दो बार पढ़वाया. बोले, छोटा अच्छा लिखता है.” त्यांना ठाऊकच नव्हतं, तो कारकून कोण ते. तू सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस रे?

मग ते संकोचत म्हणाले, “बोले थे, इंदौर में पूरनपोली खिलाऊँगा. चलो, नसीब.”

वचन देतो, अण्णा. माझी लेखणी वाकडीच राहील, पण आजारी माणसाच्या बोलण्यावर ती पुन्हा चालणार नाही. आणि तुझ्या डागाबद्दल येत्या अंकात सरळ लिहीन, एकही कोटी न करता.

दुपारी शर्माजी जेवून गेले. वहिनीने पुरण वाटलं, वाढायला मी होतो. चौथ्या पोळीला त्यांनी ताटावर आडवा हात धरला. मी तो बाजूला सारला, पोळी वाढली आणि वर तूप घातलं.

तुझा,
बाळ्या