बिनपंख्याच्या लॅपटॉपची हकिकत

नांदगाव पेठ रस्ता, मळ्यातून,
अमरावती

ती. शालिकराम मामांना, भाची पौर्णिमाचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत, आणि तुम्हीही अकोल्याच्या उन्हात न वितळता बरे असाल असं धरून चालते. गुडघा कसा आहे? मामीने दिलेलं तेल खरंच लावता, की बाटली नुसती गुडघ्याला दाखवून परत फळीवर ठेवता? मामीला सांगा, लोणचं पोचलं आणि संपलंसुद्धा. फोन सोडून पत्र लिहिते आहे याचं कारण एवढंच, की फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही. (राग मानू नका. आईपण हेच म्हणायची, आणि तिचंही वाक्य तुम्ही पुरं होऊ दिलं नाही.) हे पत्र आभाराचं आहे. मधे कुठे तसं वाटलं नाही, तरी शेवटपर्यंत वाचा.

कापड कारखान्यातली ती कामगार-मदत कक्षाची नोकरी मला किती हवी होती, ते तुम्हाला माहीत आहे. लग्नापासून मी मळ्यात मोगरा तोडते, हार गुंफते, आणि माझी बी.ए.ची गुणपत्रिका ट्रंकेत साड्यांखाली झोपलेली असते. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती, म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. त्यातून त्यांनी कळवलं, की मुलाखत लॅपटॉपवर होईल, मोबाईल चालणार नाही. श्यामचं म्हणणं तुम्ही ऐकलंच होतं, "घ्याचा तं ढंगाचा घ्या, नाही तं घेऊच नोका." ढंगाचा घेणं यंदा जमणार नव्हतं, म्हणजे त्या वाक्याचा अर्थ नवरेभाषेत काय होतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा तुम्ही कंबर कसलीत. रोज संध्याकाळी त्या योगेशच्या दुकानातून तुमचा फोन. हा हलका आहे पण पडदा फिक्का. तो दिवसभर चालतो पण एका वेळी एकच काम करतो, दुसरं सांगितलं की विचारात पडतो. (मी म्हटलं, असा एक घरात आहे.) याच्यात जागा कमी, त्याचा आवाज बारीक. शेवटी दुकानातला सगळ्यांत स्वस्त लॅपटॉप पक्का करून तुम्ही म्हणालात, "पोरी, सस्ती वस्तू आपले ऐब पयल्याच दिवशी सांगून टाकते. महागाची लपवून ठेवते." मामा, हा लॅपटॉप फारच सत्यवचनी निघाला.

तुम्ही स्वतः तो आणून दिलात, आमरसाच्या वाट्यांना न्याय दिलात आणि अकोल्याच्या एसटीत बसलात. तुमची गाडी वळली असेल-नसेल, आमच्या सासूबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. (पार्बताबाईंचं आणि माझं तेव्हापर्यंतचं बोलणं तुम्हाला ठाऊक आहे. फुलांचा भाव आणि वरणातलं मीठ, त्यापलीकडे नाही. भांडण नव्हतं, पण बसणं-बोलणंही नव्हतं.) घरात नवं यंत्र आलं की त्याला हळदकुंकू लागतं, यात काही चूक नाही. ट्रॅक्टरला लागलं, पाण्याच्या मोटारीला लागलं. प्रश्न एवढाच, की लॅपटॉपला कपाळ कुठे? बाईंनी तो उघडला, नीट न्याहाळला. पडद्याच्या वरच्या काठावर अगदी मधोमध त्यांना एक बारीक काळा ठिपका दिसला. देवाने खूण करूनच पाठवलेलं कपाळ! बाईंनी ओल्या हळदीचं बोट तिथे असं काही भक्तीने टेकवलं, की कॅमेऱ्याचा डोळा मिटला तो मिटलाच. नंतर मी पुसपुस पुसला. पण त्या दिवसापासून आमच्या लॅपटॉपला सगळं जग पिवळं दिसतं.

दुसरा ऐब उन्हाने बाहेर काढला. तुम्ही म्हणाला होतात, याला आत पंखा नाही, म्हणून आवाज नाही आणि बिघडायलाही काही नाही. अकोल्याच्या गार दुकानात ते खरंही असेल. आमच्या टिनाच्या छपराखाली मी मुलाखतीचा सराव करायला बसले, तर तो असा तापला, की त्यावर पोळी फुगली असती, आणि पटकन बंद पडला. मी तोंड धुवायला गेले. बाई तेवढ्यात आल्या, हात लावून पाहिला आणि कळवळल्या. "पंखा नाही त्याले? मंग जीव कसा रायते त्याचा?" आता मामा, आपल्या घरात नाजूक वस्तू उन्हाने मलूल झाली तर काय करतात? मोगऱ्याला जे करतात तेच. मी परत आले तेव्हा लॅपटॉप टोपलीत आडवा, वरून ओलं बारदान पांघरलेलं, आणि बाई त्यावर हाताने पाणी शिंपडत होत्या.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काय झालं ते त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं. "मोगरा तं टिकते," एवढंच त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. तेव्हा श्याम आले, टोपली पाहिली आणि हसले. खरं सांगते, ते हसतील असं मला वाटलं नव्हतं. म्हणाले, "महागाचा असता तं मी रडलो असतो." त्यांनीच तो पुसला आणि ओल शोषली जावी म्हणून गव्हाच्या कोठीत पुरून ठेवला. आमच्या घरात ढंगाच्या वस्तूंचं काय होतं, ते आठवा. लग्नातला मिक्सर अजून खोक्यात आहे, आणि टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक काढायची बाईंना आजही परवानगी नाही. महागाचा लॅपटॉप कोणी बाईंच्या हाती लागू दिला असता? मग पूजा नसती, बारदान नसतं. पण चुकून काही झालंच असतं, तर त्या घरात आम्ही दोघी कशा राहिलो असतो, याचा विचारही मला करवत नाही. कोठीतून काढल्यावर तो गपगुमान सुरू झाला. अजूनही बटणं दाबताना मधूनच एखादा गहू वर येतो.

मुलाखतीच्या सकाळी मी कूलरसमोर बसले, तर पलीकडच्या मॅडमना वाटलं मी पिठाच्या गिरणीतून बोलते आहे. कूलर बंद केला, तर लॅपटॉप तापायला लागला. तेवढ्यात टेबलाखाली काहीतरी हललं. बाई सूप घेऊन खाली मांडी घालून बसल्या होत्या आणि लॅपटॉपच्या बुडाला वारा घालत होत्या. मला न सांगता, न विचारता. वारा चांगला लागत होता, फक्त दर झोक्याला सुपाचा काठ पडद्यात डोकावून जायचा. मॅडमनी आधी माझी तब्येत विचारली. (मी पिवळी दिसत होते. कावीळ नाही, हळद आहे, असं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.) मग विचारलं, ते खालून काय येतं-जातं आहे? खोटं सुचेना, म्हणून खरं सांगितलं. सासूबाई आहेत, लॅपटॉपला पंखा नाही. मॅडमनी तेही लिहून घेतलं. मग त्यांनी पुढचा प्रश्न घातला, रागावलेला कामगार समोर आला तर त्याच्याशी कशी बोलाल? मी पाठ केलेलं उत्तर सुरू करणार, तोच टेबलाखालून आवाज आला, "माह्यासंगं रोजच बोलते ना ते! तिले काय इचारता, मले इचारा!"

मॅडमनी खरंच विचारलं. बाई सुपासकट वर आल्या, पदर सावरला, पडद्यात तोंड घातलं आणि म्हणाल्या, "मी लय तापट हाव. हे कधी उलटून बोलली नाही. लॅपटॉप भिजवला मी, तरी नाही बोलली." एवढ्यात वारा थांबलेला असल्यामुळे लॅपटॉप बंद पडला. आम्ही दोघी त्या काळ्या पडद्यात एकमेकींकडे पाहत राहिलो. मग मला रडू आलं, आणि बाईंनी सवयीने मलाच सुपाने वारा घातला.

तर मामा, मनापासून आभार. तुम्ही तेवढे दिवस दुकानात उभं राहून दुखरा गुडघा आणखी दुखवलात तो माझ्यासाठी, हे मी विसरणार नाही. मामीला नमस्कार.

तुमची,
पौर्णिमा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. मॅडमनी दुसऱ्या दिवशी मोबाईलवर फोन केला. नोकरी मिळाली. सोमवारपासून जायचं.

दुसरा ता. क. कारखान्याने मला कामासाठीचा लॅपटॉप आधीच घरी पाठवला आहे. भारी आहे, आत पंखासुद्धा आहे. श्यामने तो टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला आहे, आणि घरात कोणी त्याच्या जवळ जात नाही.

तिसरा ता. क. तुमचा लॅपटॉप आता बाईंचा झाला. परतवाड्याच्या चतुराबाई, म्हणजे त्यांची बहीण, संध्याकाळी शेजाऱ्यांच्या मोबाईलवरून त्यात दिसतात. दोघी समोरासमोर बसून हार गुंफतात, फारसं बोलतही नाहीत. मी खाली बसून वारा घालते. आता बाईंची विनंती, खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं. चतुराबाईंसाठीही योगेशकडून असाच एक लॅपटॉप घ्यायचा आहे. मी म्हटलं, जरा बरा घेऊ, पंख्याचा. बाई पत्रात वाकून बघत आहेत आणि लिही म्हणतात ते जसंच्या तसं लिहिते, "पंख्याचा नोका आनू म्हनाव त्याइले. चतुराचं अन् तिच्या सुनेचं बोलनं बंद हाय."