बांधाअलीकडचं पडीक

१४ मे

दादा,

नमस्कार. घरी सगळे ठीक. बाबांचा गुडघा आहे तसाच. वहिनीलाही नमस्कार सांग. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

शेजारचे काका शेती सोडून शहरात निघालेत. गोदामावर पहाऱ्याचं काम मिळालंय. तू म्हणशील, सुटले बिचारे. सुटले नाहीत, आपण हाकललं त्यांना.

आपलं रान चार वर्षं पडीक आहे. माणूस दिसणार नाही एवढं गवत माजलंय आणि त्यात रानडुकरं नांदतायत. दिवसा आपल्याकडे लोळायचं, अंधार पडला की बांध ओलांडून काकांच्या मक्यात घुसायचं. बिऱ्हाड आपल्याकडे, पंगत त्यांच्याकडे. यंदा त्यांच्या हाती धड कणीसही लागलं नाही.

काकांनी आपलं रान निम्म्या वाट्यानं मागितलं होतं. तू म्हणालास, कसणाऱ्याचं नाव लागलं की जमीन गेली. आत्याची तशीच गेली, मान्य. मग तू तरी कस म्हटलं, तर मजुरी परवडत नाही. विकायचीही नाही, कारण रस्ता होणार आहे म्हणे. मी करतो म्हटलं, तर ज्याला कॉलेज पुरं करता आलं नाही तो शेती काय करणार. स्वतः खायचं नाही आणि दुसऱ्याला खाऊ द्यायचं नाही, एवढंच तुझं शेतीचं ज्ञान.

यात माझं काय जातं, असं विचारशील. जातं. काकांची धाकटीही जाणार आहे. मक्याच्या राखणीला माणूस नाही म्हणून तिला कॉलेजातून घरी बसवलं. त्यानंतर त्या वर्गात मला बसवेना. कंटाळून सोडलं असं मी सगळ्यांना सांगितलंय, ते तसंच राहू दे.

काल ती बांधावर भेटली. म्हणाली, "तुझ्या दादाला जमीन नकोच आहे. दुसऱ्याला मिळायला नको, एवढंच."

मी म्हटलं, पुन्हा विचारून बघतो त्याला.

"विचार. आम्ही सोमवारी निघतोय."

म्हणून विचारत नाही, कळवतोय. बाबा नेहमीसारखे "दादाला विचार" म्हणाले. जमीन तुमच्या नावावर आहे की दादाच्या, असं मी विचारलं. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला फोन लावून माझ्या हातात दिला.

रविवारी सकाळी नांगर आत जाईल. काका राहिले तर निम्मा वाटा त्यांचा, मी त्यांच्या हाताखाली. अडवायचं असेल तर ये. त्या निमित्ताने तुझे पाय तरी लागतील रानाला.

काका थांबतील का, ठाऊक नाही. ती थांबेल का, तेही नाही. नांगर मात्र थांबणार नाही.

आजवर तुला विचारत आलेला,
तुझा धाकटा