डाव्या कानाची कणीक

राजूर, ता. अकोले
११ सप्टेंबर १९९६

चि. गोरक्ष यास रंगनाथकाकाचे आशीर्वाद. तुझी प्रकृती बरी असेल आणि खानावळीचं तिखट सोसत असेल, असं धरून चालतो. इकडे भात पोटरीला आलाय, म्हैस गाभण आहे, तुझी गोजरकाकू बरी आहे. मी मात्र दमलोय. तुझ्या त्या हेडफोनने दमवलं.

तू नगरला स्टँडजवळ टपरी टाकतोयस, स्वस्तातला माल भरायचाय, आणि सोमवारी व्यापाऱ्याला नमुना परत करून हो की नाही सांगायचंय, हे सगळं समजलं. माझा कान भजनात मुरलेला, म्हणून बेस आणि ट्रेबल मीच पारखावं, असं लिहिलंस. त्याने अंगावर मूठभर मांस चढलं. (ते आता उतरलं.) बेस म्हणजे जाड आवाज आणि ट्रेबल म्हणजे बारीक, म्हणजे आमच्याकडचे पखवाज आणि टाळ. तेव्हा तू पाठवलेल्या वॉकमनमध्ये आपल्याच मंडळाची देवळात भरलेली कॅसेट घातली. टाळ असे की दाढेत कळ यावी. पखवाज मात्र शेजारच्या गावात कुणी दार लोटल्यासारखा.

हे मी आसारामला बोललो, तिथे चुकलं. आसाराम आमचा पखवाजवाला. स्वतःचाच हात ऐकू येईना म्हणून त्याचं तोंड उतरलं. मग वैद्यासारखा डोळे मिटून म्हणाला, "रंगाभाऊ, डाव्या अंगाला कनीक न्हाई. कनकेबिगर धुम कुटनं निगंल?" आता, डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय पखवाज घुमत नाही, हे तूही लहानपणापासून बघतोस. मला पटलं. (दमलेल्या माणसाला काहीही पटतं.) डाव्या कानाचा स्पंज काढला, जाळी उचकटली, काकूकडून चपातीच्या कणकेतला गोळा मागितला. ती म्हणाली, दोघांनाबी कामं न्हाईत. आसारामने अंगठ्याने आतल्या पातळ पडद्यावर कणीक थापली, टिचकी मारून बघितली, पुन्हा थापली. मी ऐकलं. डावीकडे समाधी. जास्त झाली म्हणून त्याने ती खरवडली, तर पडदाही तिच्याबरोबर आला. आसारामला एकदम म्हशीची वैरण आठवली आणि तो गेला.

तेव्हा माझं मत असं, की या मालात बेस नाही. भरू नकोस. बाकी क्षेम. टपरीला पत्रा चांगला घाल, नगरचं ऊन वाईट.

तुझा,
रंगनाथकाका

ता.क. नमुना सोमवारी मिळणार नाही. कणकेला मुंग्या लागल्या, त्या झाडताना काकूने तो सहज कानांवर चढवला. तिचा डावा कान पोरवयात फुटल्यापासून बंदच आहे, तेव्हा तिकडची कणीक तिला काय कळणार? देवळात ती बायकांत मागे बसते. तिथे तिला आमचं भजन म्हणजे नुसता गलका ऐकू येतो, हे इतक्या वर्षांत ती कधी बोलली नव्हती. चुलीवरचं कालवण करपलं तरी उठली नाही. कॅसेट संपल्यावर माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमी गाता व्हय यात? मला वाटायचं, नुसते टाळच वाजवता."

तेव्हापासून तो तिच्याकडेच आहे. मागायची माझी छाती नाही. व्यापाऱ्याला काय सांगायचं ते तू सांग, खोटं बोलावं लागलं तर माझ्या वयावर ढकल. आणि माल भर. वर लिहिलेलं मत आसारामचं होतं.

आणखी ता.क. एक कोरी कॅसेट मात्र लगेच पाठव. दुसऱ्या अभंगात माझा सूर उतरलाय, असं ती म्हणते. तेवढा पुन्हा गाऊन भरायचाय. पखवाज नसला तरी चालेल.